धनुष्यासाठी कोणता सरस 'सरस'?

कामथडी (ता. भोर), प्रतिनिधी

पुणे-सातारा महामार्गावरील कामथडी, नसरापूर, कापूरहोळ या पट्ट्यातून पश्चिमेकडे वळले, की राजगड-तोरण्याच्या डोंगरापर्यंत बांबूच्या बेटांची सोबत राहते. मराठीत बांबूच्या चिरलेल्या पट्टीला 'कामटी' म्हणतात आणि धनुष्याला 'कामठा' हा जुना शब्द आहे. गावाच्या नावाशी या शब्दांचा संबंध जोडण्याचा मोह टाळलेलाच बरा. मात्र कामटीपासून कामठा घडविण्याची हौस या मुलखात नव्याने रुजायला हवी तेवढी सामग्री येथे नक्कीच आहे.

या हौसेला अलीकडे निमित्तही मिळाले आहे. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये फलटण तालुक्यातील सरडे गावचा प्रवीण जाधव भारताकडून उतरला. ऑगस्ट २०२३ मध्ये साताऱ्याच्या अदिती स्वामीने वयाच्या सतराव्या वर्षी बर्लिन येथे कंपाउंड प्रकारात जागतिक विजेतेपद मिळविले. स्पर्धेच्या दर्जाचे कंपाउंड धनुष्य लाखाच्या घरात जाते. त्यामुळे पुष्कळ मुलांची सुरुवात बांबूच्या धनुष्यानेच होते. आपल्याकडील 'इंडियन राउंड' हा स्पर्धाप्रकारही अशाच देशी धनुष्यांचा आहे. हे धनुष्य घरी करायला घेतले, की बांबू, रंधा आणि कानस यांची चर्चा भरपूर होते. ज्यावर सारे अवलंबून असते त्या चिकटद्रव्याकडे मात्र 'दुकानात मिळेल ते' या न्यायाने पाहिले जाते.

प्रथम हे सांगितले पाहिजे, की प्रत्येक धनुष्याला सरस लागतोच असे नाही. एकाच काठीतून तासलेले धनुष्य सांध्याशिवाय उभे राहते. भिल्लांच्या धनुष्याची तर दोरीसुद्धा बांबूच्या कामटीचीच असते. प्रश्न येतो तो थर जोडण्याचा. धनुष्य ओढले, की नेमबाजाच्या समोरची बाजू, म्हणजे पाठ, ताणली जाते आणि त्याच्याकडील बाजू, म्हणजे पोट, दाबले जाते. बांबूची बाहेरील बाजू ताण उत्तम सोसते. म्हणून पाठीला बांबूची पट्टी आणि पोटाला धामणीसारखे लवचिक लाकूड अशी जोडी जमविली जाते. सह्याद्रीत मिळणारी धामण तिच्या लवचिकपणासाठी पूर्वापार प्रसिद्ध आहे. कावडीच्या दांड्यांसाठी आणि धनुष्यांसाठी ती वापरली जात असे.

दोन थर एकत्र वाकतात, तेव्हा ते एकमेकांवरून घसरू पाहतात. ही घसरण थोपविणे हेच चिकटद्रव्याचे काम. घसरणीचा हा ताण भुजेच्या जाडीच्या बरोबर मध्यावर सर्वाधिक असतो. दोन सारख्या जाडीच्या पट्ट्या जोडल्या, तर सांधा नेमका त्याच जागी येतो. पाठीची पट्टी एकूण जाडीच्या चौथ्या भागाइतकी ठेवली, तर सांध्यावरचा ताण पाऊणपटीवर उतरतो. म्हणजे सरस निवडण्याआधीच, थरांच्या जाडीनिशी, त्याचे काम काहीसे हलके करता येते.

दोरी चढवून ठेवलेल्या धनुष्यात हा ताण तासन् तास तसाच राहतो. येथेच घरोघरच्या पांढऱ्या डिंकाची परीक्षा होते. फेव्हिकॉल १९५९ मध्ये बाजारात आले आणि सुताराच्या चुलीवरचा सरस जवळजवळ नामशेष झाला. कपाट, खुर्ची, दार यांसाठी या डिंकाला तोड नाही. नीट बसलेला सांधा तोडू गेल्यास लाकूड आधी फाटते. परंतु त्याचा मूळ घटक, पॉलिव्हिनाइल अॅसिटेट, उष्णतेने मऊ होणारा आहे. तपमान पस्तीस-चाळीस अंशांच्या पुढे गेले आणि ताण कायम राहिला, की सांधा तुटत नाही. तो हळूहळू सरकतो. खुर्चीला एवढ्याने काही होत नाही. धनुष्याचा मात्र बाक बदलतो, ताकद उतरते आणि एके दिवशी थर सुटतात. शिवाय साधा पांढरा डिंक पाण्याला टिकत नाही. प्रस्तुत प्रतिनिधीने हौसेने केलेले पहिले धनुष्य मे महिन्यात उत्तम चालत होते. जूनच्या मध्याला त्याची पाठ टोकाकडून वहीच्या पुठ्ठ्यासारखी उलगडली. दोष डिंकाचा नव्हता, निवडीचा होता.

याच कुळातील जलरोधक डिंकांची गोष्ट वेगळी आहे. पश्चिमेकडील अनेक धनुष्यकार त्यांच्यावर बांबूची पाठ बिनदिक्कत जोडतात. मात्र त्यांना दोन्ही पृष्ठे अगदी सपाट आणि एकमेकांना चिकटून बसलेली लागतात; फट भरून काढणे हे त्यांचे काम नव्हे. शिकंजे भरपूर आणि दाब सर्वत्र सारखा हवा. ज्याच्याकडे चांगला रंधा आणि हाताची सफाई आहे, त्याने या मार्गाने जाण्यास हरकत नाही.

नवशिक्यासाठी आमच्या मते एपॉक्सी सर्वांत भरवशाचा. आपल्याकडे तो अॅराल्डाइट या नावाने परिचित आहे. राळ आणि हार्डनर असे दोन भाग त्यात मिसळावे लागतात. स्टँडर्ड प्रकारात हे प्रमाण आकारमानाने सारखे, तर वजनाने शंभरास ऐंशी असते. वजनकाटा वापरणाऱ्यांनी हा फरक विसरू नये, कारण प्रमाण चुकलेला एपॉक्सी कधीच पुरता कडक होत नाही. पाच मिनिटांत घट्ट होणारा प्रकार धनुष्याच्या थरांसाठी घेऊ नये. सहा फुटी पट्टीला लेप देऊन ती बांधेपर्यंत तो भांड्यातच गोठतो आणि सावकाश बसणाऱ्या प्रकाराइतका तो टिकाऊही नसतो.

एपॉक्सीचे मर्म असे, की तो लहानसहान फटी भरून काढतो आणि त्याला फार दाब लागत नाही. दाब अतिरेकी झाला, तर तो सांध्यातून पिळून बाहेर पडतो आणि आत कोरडी जागा उरते. म्हणूनच लोखंडी शिकंज्यांच्या रांगेपेक्षा सायकलच्या जुन्या ट्यूबच्या लांब पट्ट्या गुंडाळून बांधण्याची पद्धत अनेक कारागीर पसंत करतात. दाब सर्वत्र सारखा पडतो आणि खर्च नाममात्र येतो. लाकडाची पृष्ठे गुळगुळीत न ठेवता साठ किंवा ऐंशी नंबरच्या पॉलिशपेपरने खरखरीत करावीत. सागवानासारख्या तेलकट लाकडावर आधी अॅसिटोनचा बोळा फिरवावा. बांबूची आतली बाजूच जोडावी. बाहेरील हिरव्या, मेणचट सालीवर कोणताही डिंक धरत नाही. बांधलेले धनुष्य निदान चोवीस तास हलवू नये. पूर्ण ताकद यायला त्यानंतरही काही दिवस लागतात.

एपॉक्सीलाही उष्णतेचे वावडे आहेच. खोलीच्या तपमानात बसलेला साधा एपॉक्सी पन्नास-साठ अंशांच्या आसपास ढिला पडू लागतो. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत एप्रिल-मे महिन्यांत एवढे तपमान सहज होते. म्हणून सरावाहून परतताना धनुष्य गाडीच्या मागच्या काचेखाली ठेवणे धोक्याचे. धंदेवाईक धनुष्यकार जोडलेली भुजा प्लायवूडच्या पेटीत विजेचे दिवे लावून काही तास गरम करतात. त्यायोगे सांध्याची उष्णता सोसण्याची शक्ती वाढते. जुने तारेचे दिवे आता दुर्मिळ होत चालले आहेत आणि एलईडी दिव्याने पेटी तापत नाही, ही व्यावहारिक अडचण आहेच.

प्लायवूड उद्योगातील युरिया-फॉर्मल्डिहाइड राळही बांबूची पाठ जोडण्यास उत्तम. ती कडक बसते आणि ताणाखाली सरकत नाही. परंतु किरकोळ दुकानात ती सहसा मिळत नाही आणि तिच्या वाफेने डोळे, घसा चुरचुरतो. सनमायका चिकटवायचा रबरी डिंक थरांसाठी सर्वथा अयोग्य. मुठीवर चामडे गुंडाळण्यापुरताच तो वापरावा. फेव्हिक्विकसारखा झटपट डिंक बारीक चीर भरायला किंवा बाणाचे पीस टेकवायला ठीक, पण तो ठिसूळ असतो.

राहता राहिला आपला जुना सरस. जनावरांच्या कातड्यापासून आणि स्नायूंपासून काढलेला हा पदार्थ मोगल-मराठा काळातील संमिश्र कमानींचा प्राण होता. मध्ये लाकूड, पोटाला म्हशीचे शिंग, पाठीला स्नायूंचे तंतू असे तीन थर सरसाने जोडून ती कमान महिनोन् महिने वाळविली जाई. वाळताना सरस आकसतो आणि तंतूंना आधीच ताणून धरतो. हा गुण आजच्या कोणत्याही नळीतल्या डिंकात नाही. सरसाचे खडे रात्रभर भिजवून, पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवून साठ अंशांच्या आसपास तापवावेत. उकळी फुटली, की त्याची ताकद जाते. त्याचा वैरी दमट हवा. हिंदुस्थानात पोलादी कमानीही घडविल्या गेल्या. शस्त्रागारात वर्षानुवर्षे पडून राहिल्या तरी उलगडणार नाहीत, हा त्यांचा मोठा गुण. राजगडाच्या पायथ्याशी आषाढातली चार दिवसांची झड ज्याने पाहिली आहे, त्याला याचे कारण वेगळे सांगायला नको.

पावसाचा हा हिशेब आजही सुटत नाही. भर पावसाळ्यात उघड्यावरचे लाकूड सोळा-सतरा टक्के ओल धरते. उन्हाळ्यात ती सात-आठ टक्क्यांवर येते. ओल्या पट्ट्या जोडल्या, तर पुढे लाकूड आकसताना सांध्यालाच ओढते. तेव्हा पावसाळा सरल्यावर तीन वर्षांहून जून बांबू तोडावा, चिरून सावलीत वाळवावा आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये जोडावा, हा क्रम बरा. स्वतःच्या बांधावरचा बांबू तोडण्याचा मार्गही आता सोपा झाला आहे. २०१७ च्या कायदादुरुस्तीने वनक्षेत्राबाहेरील बांबू 'वृक्षा'च्या व्याख्येतून वगळण्यात आला.

कोणताही डिंक धनुष्याला लावण्यापूर्वी त्याच बांबू-लाकडाचे हातभर तुकडे जोडून पाहावेत. एक जोड दुसऱ्या दिवशी पटाशीने उकलावा. फाटलेल्या पृष्ठावर लाकडाचे तंतू दिसले, तर सांधा पास. नुसता चकचकीत डिंक दिसला, तर नापास. दुसरा जोड रात्रभर पाण्यात ठेवावा. तिसरा दोन विटांवर आडवा टाकून, मध्ये वजन बांधून आठवडाभर उन्हात सोडावा आणि टोकाकडील दोन्ही थरांवर आधीच मारून ठेवलेली पेन्सिलची सरळ रेघ तुटली का, ते पाहावे. रेघ तुटली, म्हणजे थर सरकले.

तयार धनुष्यात सांधा उसवायला सुरुवात बहुधा टोकांकडून होते, कारण सोलून निघण्याच्या ओढीपुढे सगळेच डिंक कमजोर असतात. दोरीच्या खाचेखाली बोटभर रुंदीत मेणाचा दोरा घट्ट गुंडाळून त्यावर एपॉक्सी पुसावा. सराव संपला, की दोरी उतरवावी. ओढताना 'टिक् टिक्' असा आवाज आला, तर तेथेच थांबावे. पूर्ण ओढीला सुटलेला थर नेमबाजाच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर असतो; नव्या धनुष्याची पहिली चाचणी म्हणूनच डोळ्यांना गॉगल लावून, मुलांना मागे ठेवून आणि धनुष्य भिंतीवरील खुंटीला अडकवून, दोरी दुरून ओढून घ्यावी.