दहा-दहाचे तीन सेट

गुडघेदुखीसाठी फिजिओथेरपिस्टकडे गेलं की घरी करायच्या व्यायामांचा कागद हातात पडतो. त्यावर बहुधा ठरलेला हिशेब असतो : दहा वेळा, तीन सेट. या हिशेबाचं कूळ शोधत गेलं तर दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस शिकागोच्या एका लष्करी इस्पितळात पोचायला होतं.

गार्डिनर जनरल हॉस्पिटलात गुडघे आणि मांड्या जायबंदी झालेल्या सैनिकांची रीघ लागली होती. अशा पायांना तेव्हा हलका व्यायाम देत. वजन कमी, पण उचलायचं पुष्कळ वेळा. पाय हलायचा खरा, पण वाळलेली मांडी काही भरायची नाही. थॉमस डिलॉर्म या तिथल्या तरुण डॉक्टरला हे पटेना. कोवळ्या वयात संधिवाताच्या तापानं त्याला अंथरुणाला खिळवलं होतं आणि पुढे वजनं उचलूनच त्यानं शरीर कमावलं होतं.

सैनिकांसाठी त्यानं लोखंडी बूट वापरला. तो पायाला पट्ट्यांनी आवळायचा, त्यातून आडवी सळई घालायची, सळईला वजनाच्या चकत्या लावायच्या. मग टेबलाच्या कडेला बसून गुडघा सरळ करत सगळा भार उचलायचा. वजन किती? दहा वेळा कसंबसं उचलता येईल, अकराव्यांदा नाही, इतकं. दर आठवड्याला पुन्हा चाचणी, आणि ताकद वाढली असेल तर चकत्याही वाढल्या.

१९४५ साली त्यानं ही पद्धत छापली तेव्हा मात्र सेट तीन नव्हते; सात ते दहा होते. म्हणजे सत्तर ते शंभर वेळा! १९४८ मध्ये आर्थर वॉटकिन्सबरोबर लिहिताना तो तीनवर उतरला : पहिला सेट निम्म्या वजनाचा, दुसरा पाऊण, तिसरा पूर्ण. उचलण्याची संख्या घटवली की जास्त वजन पेलता येतं, हे त्याला अनुभवानं कळलं होतं.

तेव्हा दहाच्या आकड्यात दैवी असं काही नाही. १९६२ मध्ये रिचर्ड बर्जर या संशोधकानं सेट आणि संख्या यांच्या नऊ जोड्या विद्यार्थ्यांवर ताडून पाहिल्या, तर सरस ठरली ती सहा-सहाच्या तीन सेटची जोडी. पण दहाचा आकडा तोंडपाठ व्हायला सोपा, म्हणून बहुधा तो टिकला. अवघड भाग होता वजन वाढवत नेण्याचा. तोच वाटेत गळला. घोट्याला अर्ध्या किलोचा पट्टा बांधून महिनोन्महिने तेच दहा-दहा मोजणाऱ्याच्या व्यायामात डिलॉर्मचं फारसं काही उरत नाही.

त्याच्या पद्धतीची खरी कसोटी लागली ती बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमात. डॉ. मारिया फियातारोने यांनी १९९० मध्ये नव्वदीच्या आसपासच्या दहा अशक्त वृद्धांना आठ आठवडे जड वजनाचा व्यायाम दिला. ज्यांनी तो पुरा केला त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. व्यायाम थांबवल्यावर चारच आठवड्यांत त्यातली बरीच ओसरलीही. १९९४ मध्ये त्यांनी १०० वृद्धांची रीतसर चाचणी घेतली. व्यायाम करणाऱ्यांची ताकद ११३ टक्के वाढली, चालण्याचा वेग सुमारे १२ टक्के. याच चाचणीत काहींना नुसतं पौष्टिक पेय दिलं होतं. त्याचा अशक्तपणावर काहीच परिणाम दिसला नाही. घरातल्या म्हाताऱ्यांसाठी पावडरीचे महागडे डबे आणणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

२००९ साली, वैद्यकीय चाचण्या एकत्र करून पडताळणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात वृद्धांवरच्या १२१ चाचण्या, ६,७०० माणसं, एकत्र तपासली गेली. ताकद भरपूर वाढते, हे पुन्हा दिसलं. रोजच्या हालचालींतला फायदाही खरा, पण तुलनेनं लहान : स्नायू बळकट झाला म्हणजे जिना त्याच प्रमाणात सोपा होतो असं नाही. आणि या व्यायामानं कुणाचा सांधा दुखावला, कुणाचा स्नायू ताणला गेला, याची नोंद बऱ्याच चाचण्यांनी धड ठेवलेलीच नव्हती.