पेन्शनरांची दापोली

माजी सैनिकांच्या संघटना म्हटल्या, की आपल्या डोळ्यांपुढे जिल्ह्याच्या ठिकाणचे सैनिक कल्याण कार्यालय येते. 7 डिसेंबरला छातीवर लावायचा ध्वजदिनाचा बिल्ला येतो. वीरपत्नींना मिळणारे साहाय्य आणि मुलांच्या शिष्यवृत्त्या आठवतात. ध्वजदिनाची ही प्रथा 1949 साली सुरू झाली. परंतु आपल्या महाराष्ट्रात निवृत्त सैनिक एकत्र आले ते त्याच्या कितीतरी आधी, आणि तेही सरकारच्या छत्राखाली नव्हे. सरकारपुढे अर्ज घेऊन उभे राहण्यासाठी ते एकत्र आले. ही हकीगत कोकणातल्या दापोलीची आहे. आज आपण तिचा विचार करू.

कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत महार समाजाचा मोठा भरणा होता. 1 जानेवारी 1818 रोजी भीमेच्या काठी कोरेगावला जी लढाई झाली, तिच्या स्मारकस्तंभावर कोरलेल्या नावांत शेवटी ‘नाक’ हे पद असलेली नावे कितीतरी आहेत. ही महार शिपायांची नावे होत. गावात ज्याची सावली नको, त्याच्या हाती सरकारने बंदूक दिली होती. ही दोन्ही सत्ये एकाच माणसाच्या वाट्याला आली होती, हे आपण ध्यानात ठेवले पाहिजे.

फौजेने या माणसाला पगार दिला, दरारा दिला. पण त्याहून मोठी एक गोष्ट दिली, ती म्हणजे शाळा. पलटणीत शिपायांना आणि त्यांच्या मुलाबाळांना, मुलींनासुद्धा, शिक्षण घ्यावे लागे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी मालोजी सकपाळ हे चौदा वर्षे लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. आजोबा मालोजी हेही फौजेतलेच, आणि आजोळचे मुरबाडकर तर सुभेदारांचे घराणे. गावच्या शाळेची पायरी ज्यांना चढू देत नव्हते, त्यांच्या घरी ग्रंथांचे पठण होत होते, ते या पलटणीच्या शाळेमुळे.

नोकरी संपली की हे लोक कुठे जात? दापोली ही मूळची छावणी. म्हणून तर ती अजूनही ‘काँप दापोली’ म्हणून ओळखली जाते. तेथे आणि आसपास पुष्कळ महार पेन्शनर स्थायिक झाले. सुभेदार रामजीही निवृत्तीनंतर काही काळ दापोलीस राहून मग साताऱ्याला गेले. या पेन्शनरांची स्थिती मोठी चमत्कारिक होती. दरमहाची पेन्शन सरकारी तिजोरीतून येई. तेव्हा बलुत्याच्या भाकरीसाठी दारोदार हात पसरण्याची वेळ त्यांच्यावर येत नसे. पण पलटणीचा गणवेश उतरला, की गावाच्या दृष्टीने हवालदारही महार आणि सुभेदारही महारच.

पहिला खटका उडाला तो मुलांच्या शाळेवरून, आणि यात आश्चर्य नाही. ज्याने स्वतः पलटणीत अक्षरे गिरवली, त्याला आपला मुलगा निरक्षर राहावा हे कसे रुचावे? 1892 च्या सुमारास दापोलीच्या पेन्शनरांनी आपल्या मुलांना सार्वजनिक शाळेत घ्यावे म्हणून सरकारदरबारी दाद मागितली. मुलांना शाळा मिळाली खरी, पण बसायला मिळाली ती शाळेची पडवी. वर्गाबाहेर बसून आत चाललेला धडा ऐकायचा! तरीही त्या पडवीचे मोल कमी लेखू नये. अर्ज करणारे बाप पेन्शनर नसते, तर तीही मिळाली नसती.

या मंडळींना संघटनेचे रूप दिले ते गोपाळबाबा वलंगकर यांनी. हे महाडजवळच्या रावढळचे, फौजेतून निवृत्त झालेले, आणि जोतीराव फुल्यांच्या विचारांनी भारलेले. ‘दीनबंधू’ आणि ‘सुधारक’ या पत्रांतून ते लिहीत. अस्पृश्यतेला आधार कोणता, हा सवाल त्यांनी 1888 साली ‘विटाळविध्वंसन’ या पुस्तिकेतून सवर्ण समाजापुढे टाकला. पुढे दापोलीस त्यांनी ‘अनार्य दोष परिहारक मंडळी’ चालवली. सभासदांत पेन्शनरांचा भरणा होता. पण मंडळीचे काम पेन्शनरांपुरते नव्हते. आपल्या सबंध समाजावरचा डाग पुसण्याची आकांक्षा तिच्या नावातच आहे.

अशात एक मोठा आघात झाला. लढवय्या आणि बिनलढवय्या जातींची वर्गवारी करण्याचे वेड लष्करी अधिकाऱ्यांत शिरले, आणि 1892 च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. याचा अर्थ आपण नीट समजून घ्यावा. बुडाली ती केवळ नोकरी नव्हे. नोकरीबरोबर पुढच्या पिढीची शाळा बुडाली आणि पेन्शनही बुडाली. ज्या विहिरीचे पाणी तीन पिढ्या प्याल्या, तिचा झराच आटला.

वलंगकरांनी 1894 साली सरसेनापतींसाठी अर्ज तयार केला. महार हे मूळचे क्षत्रिय. दुर्गादेवीच्या दुष्काळात त्यांची अवनती झाली. त्यांनी सरकारची इमानाने चाकरी केली. तेव्हा त्यांना फौजेत पुन्हा घ्यावे, असा त्याचा आशय होता. क्षत्रियत्वाचा हा दावा आज आपणांस पटो वा न पटो. ज्या सरकारने जात पाहून दार लावले, त्याच्याशी त्याच्याच भाषेत बोलणे भाग होते.

आणि येथे या हकीगतीतला सर्वांत बोचणारा भाग येतो. अर्जावर सह्या करायला पेन्शनरच कचरले. सरकारची मर्जी फिरली आणि चालू पेन्शन थांबली तर काय, ही धास्ती त्यांना होती. त्यामुळे तो अर्ज पुढे गेलाच नसावा, असे या काळाच्या अभ्यासकांनी नोंदवले आहे. त्या वृद्धांना भित्रे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण त्या पेन्शनीवर किती तोंडे अवलंबून होती, आणि ती थांबली तर पुन्हा गावापुढे हात पसरायचा होता, हे ज्याला कळते तो त्यांना हसणार नाही. पेन्शनने ज्यांची मान वर केली, त्यांचाच हात तिने सहीच्या वेळी आखडला.

मग त्या संघटनेचे फळ काय? ते पुढच्या पिढीत पाहायला मिळते. सरकारने 1895 साली वलंगकरांना महाडच्या लोकल बोर्डावर नेमले. 1900 साली ते वारले. त्यांची मागणी पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी उचलली. कांबळे स्वतः पेन्शनर नव्हते. 1908 साली त्यांनी ‘सोमवंशीय मित्र’ हे पत्र काढले, आणि 1910 साली पोलीस आणि फौजेची दारे आपल्या लोकांना खुली करावीत असा अर्ज थेट विलायतेस भारतमंत्र्यांकडे पाठवला. पहिल्या महायुद्धात माणसांची निकड भासली तेव्हा 1917 साली महारांची पलटण उभारली गेली. युद्ध संपले, आणि 1921 साली ती मोडली. गरज सरो, वैद्य मरो!

20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्याकडे जी मिरवणूक गेली, तिचे नेतृत्व दापोलीत काही काळ राहिलेल्या एका सुभेदाराच्या मुलाकडे होते. त्या परिषदेतील भाषणात बाबासाहेबांनी या भागातील लष्करी माणसांच्या जुन्या उत्कर्षाची आठवण करून दिली आणि भरतीबंदीने झालेली हानीही सांगितली. वलंगकरांची कर्मभूमी आणि हे तळे एकाच मुलखात असावे, हा केवळ योगायोग मानता येत नाही. पुढे 1 ऑक्टोबर 1941 रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. त्यासाठी बाबासाहेबांनी आग्रह धरला होता. 1894 च्या अर्जातली मागणी मान्य व्हायला सत्तेचाळीस वर्षे लागली.

श्रोतेहो, आज माजी सैनिकांच्या संघटना पेन्शन, औषधोपचार, मुलांचे शिक्षण यांसाठी झटतात, आणि ते योग्यच आहे. दापोलीच्या मंडळीजवळ ना निधी होता ना कार्यालय. पण पेन्शनरांच्या मुलांपासून सुरू झालेला शाळेचा प्रश्न तिने ज्यांच्या घरात पेन्शन कधी आलीच नाही अशांच्याही मुलांचा मानला. आपल्या गावातील एखाद्या निवृत्त सुभेदाराच्या हाती आज अशी एखादी मागणी असेल, तर तो सही करताना कचरणार नाही एवढे बळ त्याच्या पाठीशी उभे करणे, हे मात्र आपणां नागरिकांचे काम आहे.