हाताच्या मापाचे हॅन्डल



गेल्या वर्षी सायलीच्या रस्त्यावर माझी एक विद्यार्थिनी सायकलवरून पडली. थोरल्या भावाची शर्यतीची सायकल तिला मिळाली होती. वळणावर गाय आडवी आली. मुलीने बोटे लांबविली. पण ती ब्रेकच्या दांडीपर्यंत पोहोचलीच नाहीत. सुदैवाने खरचटण्यावर निभावले. लोक म्हणाले, "पोरीला सायकल येत नाही." माझ्या मते दोष तिचा नव्हे, सायकलच्या मापाचा होता, आणि त्या मापाला इतिहास आहे.

१८८५ साली इंग्लंडात जॉन केम्प स्टार्ले यांनी 'रोव्हर' सायकल बनविली. आजच्या सायकलची ती पूर्वज होय. शर्यतीत वाऱ्यापुढे अंग चोरता यावे, म्हणून पुढे हॅन्डल खाली वळविण्यात आले. १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या सायकल शर्यती झाल्या; स्त्रियांना मात्र ऑलिंपिकमध्ये सायकल चालविण्यास १९८४ साल उजाडावे लागले. मधल्या ८८ वर्षांत शर्यतीच्या सायकलची मापे बहुधा प्रौढ पुरुषाच्या पंजावरून ठरली. १९८५ मध्ये अमेरिकेत जॉर्जिना टेरी या इंजिनियर बाईंनी स्त्रियांच्या बांध्याच्या सायकलींची कंपनी काढली. आज कमी खोलीची हॅन्डले व जवळ आणता येणाऱ्या ब्रेकच्या दांड्या सहज मिळतात.

लहान पंजाची अडचण दुहेरी असते. हॅन्डल वरून धरले, तर बोटांचा जोर दांडीच्या बुडाशी पडतो व ब्रेक पुरता लागत नाही. खालून धरले, तर दांडीच दूर राहते. म्हणून पुढे सुमारे ७० ते ८० मिलिमीटर व खाली सुमारे १२५ मिलिमीटर जाणारे हॅन्डल निवडावे. रुंदी खांद्यांइतकी असावी. मग खालच्या वळणावर पंजा ठेवून पाहावे. तळवा न हलविता दोन बोटांची पेरे दांडीवर वळली पाहिजेत. बऱ्याच दांड्यांना त्यासाठी बारीक स्क्रू असतो. तो फिरविल्यावर ब्रेकची तारही तपासावी. दांडी हॅन्डलला टेकण्यापूर्वी चाक थांबलेच पाहिजे.

त्या मुलीच्या सायकलचा स्क्रू सिल्वासाच्या एका कारागिराने थोड्याच वेळात फिरवून दिला. आता तिची बोटे दांडीवर नीट बसतात. आपल्या घरी थोरल्याची सायकल धाकटीकडे जाणार असेल, तर आधी तिचा पंजा हॅन्डलवर ठेवून पाहा, एवढेच सांगणे.