तळटीप ७ : हायडेलबर्ग
७. नैर्ऋत्य जर्मनीतले नेकर नदीकाठचे शहर. डोंगरांतून आलेली नेकर इथे ऱ्हाइनच्या सपाटीवर उतरते आणि पुढे मानहाइमला ऱ्हाइनला मिळते. विद्यापीठ १३८६ सालचे. तांबड्या वालुकाश्माचा किल्ला फ्रेंच फौजांनी १६८९ व १६९३ मध्ये उद्ध्वस्त केला. डागडुजी सुरू असताना १७६४ मध्ये त्यावर वीज कोसळली आणि तो तसाच पडका राहिला. चित्रकारांना तो आवडला तो या पडझडीमुळेच. लेखकाने उल्लेखिलेला ‘जुना पूल’ तसा फार जुना नाही. आधीचा पूल १७८४ च्या हिमपुरात, बर्फाचे तुकडे आदळून गेला. आताचा दगडी पूल १७८८ चा. त्याच्याही काही कमानी मार्च १९४५ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने उडवल्या, त्या १९४७ पर्यंत पुन्हा बांधल्या गेल्या. मराठी वाचकाला हे गाव ओळखीचे वाटावे ते मात्र ग्युंटर सोन्थायमर (१९३४–१९९२) यांच्यामुळे. इथल्या दक्षिण आशिया संस्थेत शिकवणारा हा अभ्यासक धनगरवाड्यांवर हिंडला, ओव्या ध्वनिमुद्रित केल्या आणि बिरोबा, म्हसकोबा, खंडोबा यांच्यावर १९७६ मध्ये जर्मन भाषेत ग्रंथ प्रसिद्ध केला. — संपा.