दीर्घकालीन थकवा आणि कॅफीन

पुरेशी विश्रांती घेऊनही न उतरणारा आणि सहा महिने वा त्याहून अधिक काळ टिकणारा थकवा म्हणजे दीर्घकालीन थकवा होय. श्रमानंतर येणाऱ्या नेहमीच्या शिणवट्याहून तो वेगळा असतो. असा थकवा सोसत नोकरी, घरकाम किंवा अभ्यास चालू ठेवण्यासाठी अनेक जण चहा-कॉफीतील कॅफीनचा आधार घेतात. कॅफीन थकव्याची जाणीव कमी करते, मूळ कारण दूर करत नाही. त्यामुळे आजाराचे निदान लांबू शकते आणि काही रुग्णांची प्रकृती अधिक बिघडू शकते.

कॅफीनचे कार्य

जागेपणी मेंदूत ॲडिनोसीन नावाचे द्रव्य साठत जाते. ते पेशींवरील विशिष्ट ग्राहींना जोडले गेले की झोप व मरगळ जाणवू लागते. कॅफीनच्या रेणूची रचना ॲडिनोसीनशी मिळतीजुळती असल्याने तो याच ग्राहींची जागा अडवतो. या काळात ॲडिनोसीन साठतच राहते. म्हणून कॅफीनचा अंमल ओसरताच शीण पुन्हा जाणवतो.

निरोगी प्रौढाच्या शरीरातील कॅफीन निम्म्यावर येण्यास सरासरी पाच तास लागतात. दुपारी चार वाजता घेतलेल्या कॉफीतील सुमारे निम्मे कॅफीन रात्री नऊ वाजता शरीरात शिल्लक असते. गर्भारपणात व यकृताच्या विकारांत हा काळ वाढतो, तर धूम्रपान करणाऱ्यांत तो कमी होतो. उशिरा घेतलेल्या कॅफीनमुळे गाढ झोप घटते, सकाळी पुन्हा थकवा येतो आणि कपांची संख्या वाढत जाते.

नित्य सेवनाने शरीर कॅफीनला सरावते. ते अचानक सोडल्यास १२ ते २४ तासांत डोकेदुखी, सुस्ती व चिडचिड सुरू होते आणि २ ते ९ दिवस टिकू शकते. सकाळच्या पहिल्या कपाने येणारी तरतरी काही अंशी रात्रभर कॅफीन न मिळाल्याने आलेली मरगळ दूर होण्याचीच असते. निरोगी प्रौढासाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत, तर गर्भवतीसाठी २०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन सामान्यतः सुरक्षित मानले जाते.

उपचारयोग्य कारणे

थकवा 'अकारण' ठरवण्यापूर्वी रक्तक्षय, अवटू ग्रंथीची मंदावलेली क्रिया, मधुमेह, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, क्षयरोग, नैराश्य आणि झोपेत श्वास अडखळण्याचा विकार यांची तपासणी आवश्यक असते. चालू औषधांचा दुष्परिणाम हेही एक कारण असू शकते.

रक्तक्षयाच्या बाबतीत चहाचा आधार उलटा पडतो. जेवणासोबत किंवा जेवणानंतर लगेच घेतलेल्या चहातील टॅनिनसारखी द्रव्ये वनस्पतिजन्य अन्नातील लोहाचे शोषण कमी करतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयोगटातील भारतातील ५७ टक्के आणि महाराष्ट्रातील सुमारे ५४ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. लोहाच्या अभावाने थकलेली स्त्री तरतरीसाठी जेवणावर चहा घेत राहिली, तर तिची कमतरता भरून निघणे आणखी कठीण होते. जेवण व चहा यांत किमान तासाभराचे अंतर ठेवण्याचा सल्ला यासाठीच दिला जातो.

दीर्घ थकवा लक्षणसमूह

सर्व तपासण्यांत दुसरे कारण न सापडलेल्या काही रुग्णांत मायाल्जिक एन्सेफॅलोमायलायटिस अर्थात दीर्घ थकवा लक्षणसमूह हा आजार आढळतो. १९५५ मध्ये लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात २९२ कर्मचारी आजारी पडले आणि रुग्णालय काही काळ बंद ठेवावे लागले. त्यानंतर यांतील पहिले नाव रूढ झाले. १९७० मध्ये मॅकएव्हेडी व बियर्ड या मनोविकारतज्ज्ञांनी या साथीला सामूहिक उन्मादाचे स्वरूप दिले. त्यांनी रुग्णांना प्रत्यक्ष तपासले नव्हते. जुन्या नोंदींवरून निष्कर्ष काढला होता, आणि रुग्णांत स्त्रिया अधिक असणे हाही त्यांच्या युक्तिवादाचा आधार होता. या मताचा प्रभाव पुढे दीर्घकाळ टिकला व अनेक रुग्णांना अविश्वासाला तोंड द्यावे लागले. दुसरे नाव १९८८ मध्ये अमेरिकेत प्रचारात आले. ते आजाराचे गांभीर्य झाकते, हा रुग्णांचा आक्षेप रास्त आहे.

अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१५ च्या अहवालात हा गंभीर शारीरिक आजार असल्याचे स्पष्ट केले. शारीरिक वा बौद्धिक श्रमानंतर, बहुधा काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी, सर्व लक्षणे बळावणे हे त्याचे प्रमुख वैशिष्ट्य आहे. अंघोळ किंवा दीर्घ संभाषणही त्यास पुरेसे ठरू शकते. ताजेतवाने न करणारी झोप, स्मरण व एकाग्रतेतील अडचणी आणि उभे राहिल्यावर त्रास होणे ही इतर लक्षणे होत. कोविड-१९ नंतर दीर्घकाळ आजारी राहिलेल्या काही रुग्णांतही हे निकष पूर्ण होतात.

या आजारात थकव्याची जाणीव हीच रुग्णाला थांबण्याची सूचना असते. कॅफीनने ती दडपली गेल्यास रुग्ण आपल्या क्षमतेपलीकडे काम करून बसतो आणि पुढचे काही दिवस, कधी आठवडे, अंथरुणाला खिळतो. उभे राहताच ज्यांच्या हृदयाची गती वाढते, त्यांची धडधड कॅफीनने अधिक तीव्र होऊ शकते. काही रुग्णांना मात्र सकाळच्या एका कपाने बौद्धिक कामात मदत होते, त्यामुळे सरसकट बंदीला आधार नाही.

या आजारावर रोगमुक्त करणारे औषध उपलब्ध नाही. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२१ मध्ये टप्प्याटप्प्याने व्यायाम वाढवण्याची पूर्वीची शिफारस मागे घेतली. त्याऐवजी शक्तीच्या मर्यादेत कामे वाटून घेण्यावर भर दिला. कॅफीन कमी करायचे असल्यास ते एकदम न सोडता दर काही दिवसांनी थोडे थोडे घटवले जाते, कारण ते सोडल्याने येणारी सुस्ती मूळ आजारच बळावल्यासारखी भासते.