कोलिश, बॅरन इग्नाट्स फॉन
(६ एप्रिल १८३७–३० एप्रिल १८८९). बुद्धिबळपटू व पेढीमालक. प्रेसबर्ग (आजचे ब्रातिस्लाव्हा) येथे एका ज्यू कुटुंबात जन्म, मृत्यू व्हिएन्नात. पटावरचे डोके सराफीत चालवून तो कोट्यधीश झाला, असे त्याच्याविषयी सर्रास म्हटले जाते. ते अर्धेच खरे. त्याच्या डोक्याबद्दल वाद नाही. १८६० मध्ये त्याने टॉमस बार्न्सला १०–१ असे लोळवले, पुढच्याच वर्षी लुई पाउलसेनशी ३१ डाव झुंजून सामना अनिर्णित ठेवला. त्यांतले १८ डाव बरोबरीत सुटले होते. १८६७ची पॅरिस स्पर्धा हा त्याच्या खेळाचा कळस. तेरा खेळाडू, प्रत्येकाशी दोन डाव, आणि नियम असा विचित्र की डाव बरोबरीत सुटला तर दोघांच्याही पदरी शून्य. वजिरावजिरी करून अर्धा गुण खिशात घालण्याची सोयच नव्हती. कोलिशने २० डाव जिंकले. विनावर दुसरा आला, स्टाइनिट्झ तिसरा. त्यानंतर मात्र या विजेत्याने स्पर्धांकडे पाठ फिरवली आणि व्हिएन्नात पेढी थाटली.

राहुरी-नगरकडच्या वाचकाला ‘सावकार’ म्हटले की खतपत्रे, गहाण जमिनी आणि सावकारांविरुद्धचे १८७५चे दंगे आठवतील. कोलिशचा धंदा त्या जातीचा नव्हता. त्याचा पैसा हुंड्या, रोखे आणि शेअरबाजारातला. असा धंदा उभा राहतो तो पतीवर, आणि पत मिळते ओळखीतून. त्या काळी बुद्धिबळ कॉफीगृहांतून आणि धनिकांच्या दिवाणखान्यांतून खेळले जाई. रशियन सरदार उरुसोव्हचा कोलिश काही काळ चिटणीस होता. व्हिएन्नाचा पेढीमालक अल्बर्ट रोटशिल्ड हा तर स्वतःच पटाचा वेडा. एरवी ज्या दारांशी सामान्य माणूस ताटकळला असता, ती कोलिशला पटामुळे उघडली. शिवाय काळही अनुकूल होता. १८६७ नंतर ऑस्ट्रियात नव्या कंपन्या, रेल्वे आणि बँका यांचे पेव फुटले होते. यावर कोणी म्हणेल, पुढच्या दहा खेळ्या पाहणाऱ्याला बाजारही आधी दिसणारच. तसे असते तर आंडरसन आणि स्टाइनिट्झही धनाढ्य व्हायला हवे होते. १८६१ मध्ये कोलिशला निसटते हरवणारा आंडरसन ब्रेस्लाऊच्या शाळेत गणित शिकवत राहिला. पटावर प्रतिस्पर्ध्याचे प्रत्येक मोहरे समोर दिसते. बाजारात निम्मी मोहरी झाकलेली असतात. त्यामुळे एका ठिकाणचे कौशल्य दुसरीकडे जसेच्या तसे कामी येत नाही. जोखीम घ्यायची हिंमत आणि वेळीच उठायची अक्कल हे गुण मात्र कोलिशपाशी होते, एवढे मान्य करावे लागते.

श्रीमंत झाल्यावर त्याने खेळाला टाकले, हा आक्षेपही टिकत नाही. त्याचे ‘वीनर आलगेमाइने त्सायटुंग’ हे वृत्तपत्र आणि १८८१ मध्ये साक्स-मायनिंगेनच्या ड्यूकने दिलेली बॅरनकी यांपेक्षा त्याने व्हिएन्नाच्या १८७३ व १८८२च्या स्पर्धांना दिलेला आश्रय अधिक मोलाचा. पहिली स्टाइनिट्झने जिंकली. दुसरीत तो आणि विनावर बरोबरीने पहिले आले. १८६७ मध्ये कोलिशच्या मागे राहिलेले हेच ते दोघे. स्टाइनिट्झ पुढे जगज्जेता झाला आणि १९०० मध्ये न्यूयॉर्कला कफल्लक अवस्थेत वारला.