तिकीट सगळ्यांचे सारखेच

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मी मोटारींच्या गावात राहतो आणि मला मोटार चालवता येत नाही. पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात ट्रक, रिक्षा, स्कूटर, मोटारसायकली, मोटारी असे चाकांवर धावणारे जवळजवळ सगळे काही तयार होते. १९६६ साली पिंपरीत टेल्को आली. आकुर्डीच्या स्कूटरसाठी कधीकाळी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत. २००९ साली चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. माझा मुलगा याच पट्ट्यात एका कारखान्यात नोकरीला आहे. त्याने हप्त्यावर घेतलेली गाडी दारात उभी असते आणि मी पिशवी उचलून एसटी स्टँडकडे निघतो. ‘अब्बा, दारात गाडी असताना एसटीने कशाला?’ हा त्याचा नेहमीचा प्रश्न. मी हसून विषय टाळतो. आज मात्र त्याचे उत्तर द्यायचे ठरवले आहे.

माझे वडील खेड तालुक्यातून पिंपरीला कामगार म्हणून आले. माझी बी.ए.ची परीक्षा झाली त्या उन्हाळ्यात त्यांनी माझ्या हातात एसटीचा सात दिवसांचा पास ठेवला. ‘आवडेल तेथे प्रवास’ ही योजना एसटीने १९८८ पासून सुरू केली होती. ठरावीक दिवसांचा पास काढायचा आणि गाडीत बसून कुठेही जायचे. वडील म्हणाले, ‘पुस्तकातला इतिहास वाचलास, आता उतरून बघ.’ ते स्वतः फारसे शिकलेले नव्हते. पण त्या एका वाक्याने मला जे शिकवले ते तीन वर्षांच्या कॉलेजात शिकायला मिळाले नव्हते.

पहिल्या दिवशी मी चाकणला उतरलो. तोवर चाकण म्हणजे माझ्यासाठी कांद्याचा बाजार होता. स्टँडवरून चालत संग्रामदुर्गावर गेलो. किल्ला कसला, पडके बुरूज आणि बुजलेला खंदक! पण १६६० च्या भर पावसाळ्यात शाहिस्तेखानाच्या प्रचंड फौजेला फिरंगोजी नरसाळा यांनी इथे जवळजवळ दोन महिने झुंजवले. डोंगराचा आधार नाही, कडा नाही, सपाट जमिनीवरचा भुईकोट. मोटारीने नाशिकला जाणाऱ्याला हा किल्ला दिसतही नाही. मला दिसला, कारण पुढची गाडी दीड तासाने होती. सार्वजनिक वाहनाने फिरणाऱ्याला मिळणारी ही पहिली देणगी : थांबावे लागते. आणि थांबलेल्या माणसालाच गाव दिसते.

पुढे राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव करत जुन्नरला पोचलो. तिथून घाटघरच्या गाडीत बसलो. गाडीत शाळेची मुले, बियाण्याच्या पिशव्या, दोन कोंबड्या आणि एक नवी नवरी होती. घाटघरहून पायी नाणेघाट गाठला. दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांच्या काळात कोकणातल्या बंदरांवरून माल घेऊन व्यापारी हाच घाट चढून जुन्नरला येत. तिथल्या लेण्यात राणी नागनिकेचा लेख आहे. भारतातल्या अंकांची फार जुनी रूपे त्यात सापडतात. घाटाच्या तोंडाशी मोठा दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकत, असे लोक सांगतात. संध्याकाळी परतताना कंडक्टर चामडी पिशवीत चिल्लर खळखळवत तिकिटे फाडत होते. मला वाटले, रस्ता तोच, रांजण तेवढा लहान झाला आहे.

मग लोकल. पुणे-लोणावळा लोकल १९७८ साली सुरू झाली आणि पिंपरी, चिंचवड, आकुर्डीच्या कामगारांची ती जीवनवाहिनी झाली. पण त्या रुळांचे वय त्याहून खूप मोठे. खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग १८५८ साली सुरू झाला, तेव्हा बोरघाटातले काम पूर्ण व्हायचे होते. घाट उतरून खालची गाडी पकडण्यासाठी उतारू पालखीने, तट्टावर, नाहीतर पायी जात. १८६३ साली घाटातून आगगाडी धावली आणि मुंबई-पुणे हे एक सलग सूत झाले. आज मळवलीला उतरले की एका बाजूला भाजे आणि दुसऱ्या बाजूला कार्ले, दोन्ही लेणी पायी गाठता येतात. कार्ल्याच्या चैत्यात तो घडवणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. त्यात वैजयंतीचा शेठ भूतपाल आहे, धेनुकाकटचे यवन आहेत, एक गंधी आहे आणि सामी नावाचा एक सुतारही आहे. राजाच्या शेजारी सुताराचे नाव! दिवसभर यंत्रावर उभ्या राहणाऱ्या माणसाच्या मुलाला ते नाव वाचून काय वाटले असेल, याची कल्पना तुम्ही करू शकाल.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. आपल्याकडे रस्ते पुष्कळ जुने आहेत. रस्त्यावर सगळ्यांना बरोबरीने बसायला मिळणे मात्र फार नवे आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लहानपणची एक आठवण लिहून ठेवली आहे. १९०१ साली साताऱ्याहून ते घरातल्या मुलांसह वडिलांना भेटायला निघाले. मसूर स्थानकावर उतरले. कुणी न्यायला आले नव्हते. मुले महार आहेत हे कळताच एकही गाडीवान त्यांना बैलगाडीत घ्यायला तयार होईना. अखेर दुप्पट भाडे आणि गाडी मुलांनीच हाकायची, या अटीवर एक जण कबूल झाला. भाडे देणारी मुले गाडी हाकत होती आणि गाडीवान शेजारून चालत होता. त्या मुलांनी ती रात्र पाण्यावाचून काढली.

ही आठवण वाचली की मला १ जून १९४८ ही तारीख फार मोठी वाटते. त्या दिवशी पुणे ते अहमदनगर या मार्गावर राज्य परिवहनाची पहिली बस धावली. त्याच अहमदनगरला आता अहिल्यानगर म्हणतात. त्याआधी गावोगाव खासगी ‘सर्व्हिस मोटारी’ होत्या. भरल्याशिवाय त्या सुटत नसत आणि भरल्या तरी माणसे कोंबायचे थांबत नसत. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने त्यांना थोडी शिस्त लागली. पण नफा नसलेल्या गावाला गाडी नेण्याची सक्ती कुणावर नव्हती. एसटीने ती जबाबदारी घेतली. रस्ता तिथे एसटी, हे ब्रीद झाले. गाडीत पाटलाला वेगळे आणि मजुराला वेगळे तिकीट नव्हते. जो आधी रुमाल टाकेल त्याची जागा. गावच्या पाणवठ्यावर जे जमले नव्हते ते बाकड्यावर खांद्याला खांदा लावून आपोआप जमू लागले. मनातला भेद एसटीने संपवला असे मी म्हणत नाही. पण कंडक्टरने डबल बेल दिल्यावर उतरून चालण्यापेक्षा शेजारी बसणे बरे, एवढे तरी लोकांना समजले.

त्या बसचे सांगाडे चढवण्याची मोठी कार्यशाळा आमच्याच दापोडीत आहे. म्हणजे मोटारींच्या या गावाने महाराष्ट्राला स्वतःची गाडी दिली आणि सगळ्यांची गाडीही दिली. आम्हाला पहिलीचा अभिमान आहे, दुसरीचा विसर पडला आहे.

हा विसर किती महाग पडतो ते मी माझ्या आपाच्या गावी पाहिले. माझी थोरली बहीण चाकणच्या पलीकडे एका वाडीत राहते. तिथे पूर्वी मुक्कामी गाडी असायची. संध्याकाळी यायची, ड्रायव्हर-कंडक्टर रात्री देवळात झोपायचे, गावातून त्यांना भाकरी जायची. एकादशीला पाटलांच्या घरून आणि ईदला आमच्या आपाकडून. पहाटे तीच गाडी दूध, भाजी, बाळंतीण आणि दहावीची मुले घेऊन निघायची. मग एमआयडीसी आली, जमिनीला पैसा आला, घरोघर मोटारसायकल आली. चांगलेच झाले. पण गाडी रिकामी धावू लागली आणि मुक्कामाची फेरी बंद झाली. दोष कुणाला द्यायचा? गाडीत बसायचे आम्हीच सोडले होते. आता ज्याच्याकडे दुचाकी आहे तो जातो. आपाला दवाखान्यात जायचे तर कुणाच्या तरी पोराची वाट पाहावी लागते. पूर्वी ती तिकिटाच्या हक्काने जायची, आता उपकाराने जाते. या दोन शब्दांमधले अंतर मला कुठल्याही रस्त्यापेक्षा लांब वाटते.

हे केवळ आपलेच दुखणे नाही. इंग्लंड हा रेल्वेचा माहेरदेश. तिथे १९६३ साली बीचिंग यांच्या अहवालाने सुमारे पाच हजार मैलांचे मार्ग बंद करण्याची शिफारस केली. खेड्यांकडे जाणारे कितीतरी फाटे तुटले. पुढे लंडनबाहेरची बससेवा १९८६ पासून बाजारावर सोपवली गेली आणि न परवडणाऱ्या गावांच्या गाड्या आटत गेल्या. त्याच देशात अल्फ्रेड वेनराइट नावाचा माणूस होऊन गेला. त्याने सरोवरांच्या प्रदेशातले डोंगर पायी पालथे घातले आणि १९५५ ते १९६६ या काळात त्यांची सात मार्गदर्शक पुस्तके हाताने लिहून, रेखाटून काढली. तो मोटार चालवत नव्हता. बसने डोंगराच्या पायथ्याशी जायचा आणि परतीची बस चुकू नये म्हणून घड्याळ बघत उतरायचा. आमच्या तळेगावच्या गो. नी. दांडेकरांनी सह्याद्रीचे गड पायी असेच पिंजून काढले. या दोघांची गाठ पडली असती तर भाषेची अडचण फारशी आली नसती.

मोटार वाईट आहे, असे माझे म्हणणे नाही. तिच्यावरच आमच्या पट्ट्याची चूल पेटते. मोटार तुम्हाला हव्या त्या ठिकाणी नेते. एसटी तुम्हाला माणसांतून नेते, एवढेच मला सांगायचे आहे. आज पिंपरीहून मेट्रो निघते, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी मोफत आहे, २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे. सवलती आल्या की गाड्या पुन्हा भरतात, हे आपण पाहिले आहे. तेव्हा लोकांना गाडी नको होती, हे काही खरे नाही.

गेल्या ईदला मुलगा माझ्याबरोबर एसटीने आपाकडे आला. चाकणला गाडी बदलताना कंटाळला, पण त्याच दीड तासात त्याने जन्मात पहिल्यांदा संग्रामदुर्गाचा बुरूज पाहिला. तो तिथे दहा वर्षे नोकरीला जातो आहे! वाडीच्या फाट्यावर उतरून आम्ही चालत घरी गेलो. आपाने विचारले, ‘कशाने आलात?’ मुलगा म्हणाला, ‘एसटीने, फुफी.’ ती पाण्याचा तांब्या हातात देत म्हणाली, ‘बरं केलंत. दोन तिकिटं जास्त फाटली. गाडी चालू राहील.’